बाई चालवतात म्हणून गाडी ओढत नाही

त्या उन्हाळ्यात जो तो मला एकच गोष्ट सांगत होता, आणि ती आठवली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाडीत काही नाही, बाई चालवतात म्हणून ओढत नाही. हे मला हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या मेस्त्रीनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, आणि ज्यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती त्या शेजारच्या वकीलसाहेबांनीही आमच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. मी सायन्सची बाई. धारवाडच्या हायस्कुलात वर्षानुवर्षं उष्णता आणि प्रसरण शिकवत आलेली. पण गाडीचं बोलणं निघालं की मी तिथं नाहीच असं धरून हे सगळे आपापसात बोलायचे.

बरं, गाडी माझी होती. लाडानं म्हणतात तशी माझी नव्हे, खरोखरची माझी, कागदावर माझं नाव असलेली. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, दोन हजार सालानंतर लवकरच नोकरीसाठी परदेशी गेला. जाताना त्यानं आपली जुनी डिझेल गाडी माझ्या नावावर करून दिली आणि म्हणाला, "तुझी तू चालव, कुणाला हात लावू देऊ नको." नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेली ती गाडी, जीपपेक्षा मोठी, उंच, मागच्या दारावर स्टेपनी आणि बाजूला 'टर्बो' अशी अक्षरं चिकटवलेली. बॉनेटवर वारा आत घ्यायला पुढून उघडं असं एक रुंद तोंड होतं. मला तिचा फार अभिमान होता, का लपवू? आमच्या गल्लीत तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटी.

अण्णानं गाडी मला दिली, पण तिची पूजा मामंजींनी ताब्यात घेतली. मामंजी म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, सोवळ्या-ओवळ्याचे आणि आवाजाचे कडक. रोज सकाळी देवपूजा आटोपली की ते ताम्हन घेऊन अंगणात यायचे. गाडीला हळद-कुंकू, अक्षता, एक फूल, उदबत्ती. बॉनेट उतरतं, त्यावर ठेवलेलं फूल घसरून खाली मातीत पडायचं, ते त्यांना खपायचं नाही. मग त्यांनी ते वाऱ्याचं तोंड शोधून काढलं. "कंपनीनं देवळीच ठेवलीय की," असं म्हणाले, आणि तेव्हापासून फूल, अक्षता, सगळं त्या देवळीत. खंडेनवमीला तर विचारू नका. आमच्याकडं कन्नड-मराठी सगळ्यांच्याच गाड्या त्या दिवशी नवरीसारख्या नटतात. मामंजी नारळ फोडून त्याचं पाणी पुढच्या चाकांवर घालायचे आणि उरलेलं देवळीत. मला त्यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. पूजाच तर करत होते बिचारे.

आता मुद्द्यावर येते. आमच्या संस्थेची एक शाळा अळणावरकडच्या एका खेड्यात आहे. तिथल्या हेडमास्तरांची मार्चअखेर निवृत्ती झाली आणि ती जागा पाळीनं माझ्याकडं आली. मी नोकरीला लागल्यापासून वाट बघितलेली जागा! फक्त एक अडचण होती. त्या गावाला सकाळची जी बस जायची ती प्रार्थना होऊन गेल्यावर पोचायची, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं की मुख्य बाई प्रार्थनेला हजर नसतील तर ती जागा माझ्या खालच्यांना जाईल. म्हणजे गाडी हवी. गाडी होती. म्हणून मी खुशाल हो म्हणून आले. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी रुजू व्हायचं ठरलं.

एप्रिलमध्ये मी कपाटं ताब्यात घ्यायला, प्रवेशाचं बघायला तिकडं ये-जा सुरू केली आणि गाडीनं मान टाकली. जाताना सकाळी उत्तम. परत येताना, ऊन डोक्यावर आलेलं असताना, धारवाड जवळ आलं की जो चढ लागतो तिथं गाडी अगदी मरगळून जायची. पाय पार खालपर्यंत दाबला तरी इंजिन नुसतं घुरघुरायचं, मागं काळा धूर, आणि वेग काही वाढायचा नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त. तिसऱ्या खेपेला लाकडं भरलेला एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत मला मागं टाकून गेला, आणि वरून ट्रॉलीवर बसलेल्या बायका हात हलवून हसल्या. मी पण हसले. काय करणार? घरी येऊन मात्र पाणी प्यायच्या आधी नवऱ्याला सांगितलं, "अहो, गाडी उन्हात ओढत नाही."

नवरा तारिहाळला एका कारखान्यात ऑफिसर होता. त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस यायची, त्यामुळं आमच्या गाडीशी त्याचा संबंध रविवारपुरता. तो रविवारी सकाळी, गार हवेत, गाडी घेऊन रायापूरपर्यंत जाऊन आला. "छान ओढतेय की गं. तू फार वरच्या गिअरला घालत असशील." घ्या! तेव्हा मला वाटलं की असेल बाबा, आपलंही चुकत असेल. पण पुढच्या खेपेला मी दुसऱ्या गिअरवर चढ चढले, आणि गाडी तशीच रडली.

मग गोकुळ रोड. तिथला मेस्त्री अण्णाच्या ओळखीतला, घरी मराठी बोलणारा, पण गिऱ्हाइकाशी कन्नडात सुरुवात करायची त्याची सवय. मी गाडीतून उतरले तर माझ्याकडं न बघता माझ्यामागं बघत म्हणाला, "यजमान्रु बरलिल्लेन्री?" नवरा आला नाही का म्हणे! म्हटलं, "नाही आले. गाडी मी चालवते, बिघाड मी सांगणार." त्यानं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं, आणि मग बॉनेट न उघडताच विचारलं, "क्लचवर पाय ठेवून चालवता काय, मॅडम? लेडीजना सवय असते."

अरे देवा! लेडीजना सवय असते! तिथं गॅरेजच्या बाकावर दोन लेडीज नव्हत्या, दोन जेंट्स होते. दोघेही मान हलवत होते.

त्यानं क्लचप्लेट बदलली. डिझेलचा फिल्टर बदलला. हवेचा फिल्टर बदलला. दर वेळी गाडी परत द्यायच्या आधी तो स्वतः एक फेरी मारून यायचा, आणि ही फेरी कायम सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या, गोकुळ रोडच्या सपाट रस्त्यावर. आला की बोटात किल्ली फिरवत म्हणायचा, "नोडरी, विमान आग्यद!" बघा, विमान झालंय म्हणे. आणि मी ते विमान घेऊन दुपारी धारवाडला घरी निघाले की वाटेत नवलूरच्या आसपास त्याची बैलगाडी व्हायची.

मी त्याला म्हटलं, "मेस्त्री, दुपारी चला माझ्याबरोबर. भर उन्हात. मग दाखवते."

"दुपारी कोण गाडी बघतं, मॅडम? पत्रा हाताला चटके देतो."

"अहो, पण बिघाड दुपारीच येतो ना!"

"बिघाड असला तर सकाळी पण दिसायला पाहिजे. सकाळी मी चालवतो तर दिसत नाही. साहेब चालवतात तर दिसत नाही. तुम्ही चालवलं की दिसतो." असं म्हणून त्यानं हात पुसले. बाकीचं सांगायची त्याला गरजच वाटली नाही.

नववीच्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे सगळे पुरुष सकाळी चालवत होते आणि मी दुपारी. दोन गोष्टी वेगळ्या होत्या: चालवणारा आणि हवा. त्यातली हवा कुणाला दिसली नाही, बाई तेवढी दिसली. म्हणून मी नवऱ्याच्या मागं लागले. "अहो, एक दिवस रजा काढा. दुपारी तुम्ही चालवा, मी शेजारी बसते." खूप आढेवेढे घेऊन तो आला. अळणावर रोडला बरंच पुढं जाऊन आम्ही परत फिरलो. तोच चढ, तसलंच ऊन. गाडी मरगळली. काळा धूर. नवऱ्यानं गिअर बदलला, पुन्हा बदलला, खिडकीची काच खाली केली, वर केली. वर आल्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? "आज मला जरा बरं वाटत नाहीय."

मी हसावं की रडावं? बाईनं चालवली तर दोष बाईचा, पुरुषानं चालवली तर तब्येतीचा. गाडीत मात्र दोष असूच शकत नाही!

त्या रात्री जेवताना मामंजींनी निकाल दिला. नवऱ्याला म्हणाले, म्हणजे मलाच ऐकवलं, "हे बघ, इतके दिवस गॅरेजवाल्याकडं फेऱ्या झाल्या. ती गाडी तिच्या हातात टिकायची नाही. उद्या रानात बंद पडली तर? जूनच्या आत गाडी ठीक झाली तर झाली. नाही तर ती नोकरी नको म्हणून कळवून टाक. आहे ती धारवाडची शाळा काय वाईट आहे?"

"अप्पा म्हणतात ते पण बघायला पाहिजे," नवरा वडिलांची री ओढत म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य 'बघू' आणि 'बघायला पाहिजे' ह्यातच गेलं.

मी पानावरून उठले नाही. एवढी वर्षं पाट्या टाकल्या नाहीत मी, पोरांना शिकवलं, आणि माझी पाळी आली तेव्हा माझी नोकरी कशावर अडली? एका इंजिनावर, ज्याला कुणी दुपारी बघायला तयार नव्हतं. बरं, गाडी ठीक झाली तर जा, असं मामंजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी म्हटलं, ठीक. तुमचंच वाक्य धरते.

दुसऱ्या दिवसापासून मी ते काम स्वतःकडं घेतलं. आधी विचार केला. क्लच घसरत असता तर इंजिनचा आवाज वर गेला असता आणि गाडी मागं राहिली असती. इथं तर इंजिनच वर चढत नव्हतं. म्हणजे क्लच नव्हे. डिझेल कमी येत असतं तर गाडी मेली असती, पण काळा धूर आला नसता. काळा धूर म्हणजे जळायला डिझेल आहे, हवा पुरत नाही. घरातली चूल कोंदली की हेच होतं, कुठल्याही बाईला विचारा. हवेचा फिल्टर तर नवा कोरा. मग हवा जाते कुठं? आणि सकाळी पुरते ती दुपारी का पुरत नाही?

मी पुन्हा गोकुळ रोडला गेले आणि मेस्त्रीला बॉनेट उघडायला लावलं. इंजिनच्या वर, त्या उघड्या तोंडाच्या बरोबर खाली, एक चपटी पेटी आडवी बसवलेली होती. तिच्यावर चारी बाजूंनी काळं प्लास्टिकचं झाकण, वरच्या तोंडाशी जुळलेलं. तिच्यात एका बाजूनं जाड पाइप जात होता, दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होता. "ही कशाची पेटी?"

"इंटरकूलर. टर्बो हवा दाबून आत कोंबतो ना, मग हवा तापते. ती ह्याच्यात गार होते, वरून वारा लागतो. पण ते कधी खराब होत नाही, मॅडम. फिरणारं काहीच नाही त्यात." इतकं सांगून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मला एवढं बस झालं. तापलेली हवा पसरते. पसरली की तेवढ्याच जागेत कमी मावते. सकाळी बाहेरची हवाच गार, म्हणून भागून जातं. दुपारी बाहेरूनच तापलेली येते, टर्बो तिला आणखी तापवतो, आणि ती गार करणारी पेटी जर झोपली असेल तर इंजिनाला हवा कमी आणि डिझेल तेवढंच. धूर! माझ्या नववीच्या पोरांनीसुद्धा हे सांगितलं असतं, आणि आम्ही सगळे एप्रिलभर माझ्या पायाचा अभ्यास करत बसलो होतो.

पडताळा घ्यायला हवा होता. मी दुपारी एकटीच अळणावर रोडला गेले, चढ चढून वर आले, आणि चिंचेच्या सावलीत गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. ओला नॅपकिन हाताला गुंडाळला. आत जाणाऱ्या पाइपला हात लावला: चटका. बाहेर येणाऱ्याला लावला: तस्साच चटका. पेटी काम करत असती तर बाहेरचा पाइप गार नको का? मी त्या झाडाखाली एकटीच मोठ्यानं म्हणाले, "सापडलास!" एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, तो थबकून बघायला लागला. म्हटलं, काही नाही आजोबा, गाडीशी बोलतेय. त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडं निघाले तर मामंजी म्हणाले, मी येतो. गोकुळ रोडला सुनेनं एकटीनं सारखं उभं राहणं बरं दिसत नाही, असं त्यांना तेव्हा आठवलं. या म्हटलं. गॅरेजमध्ये त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मला उभं राहायला जागा मिळाली. मी मेस्त्रीला म्हटलं, "ती पेटी खाली काढा."

"अहो मॅडम, सांगितलं ना, त्याला काही..."

"काही नसलं तर परत बसवा. पण आत्ता काढा. मी हलत नाही इथून."

माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या गॅरेजमधलेसुद्धा बघायला लागले. मेस्त्रीनं मामंजींकडं बघितलं. मामंजींनी 'होऊ दे' अशी मान हलवली, तेव्हा त्यानं पाना उचलला. पेटी माझ्या गाडीची, सांगणारी मी, आणि परवानगी चहा पिणाऱ्याची!

बोल्ट निघाले, झाकण निघालं, आणि मेस्त्रीचे हात जागच्या जागी थांबले. त्या जाळीचं एक भोकसुद्धा दिसत नव्हतं. वर चांगला जाडजूड थर बसला होता, पिवळा, लाल, मधेच काळा. हळद, कुंकू, अक्षता. वाळून कोळसा झालेली झेंडूची फुलं. उदबत्तीच्या काड्या. खंडेनवमीचं नारळाचं पाणी वर्षानुवर्षं मुरून, इंजिनच्या आचेवर आटून, त्यात ह्या सगळ्याचा असा काही गिलावा झाला होता की वडी पाडून घ्यावी. वारा कुठून जाणार? मुंगी गेली नसती.

मला वाटलं, आता तरी कुणी काही बोलेल. मेस्त्रीनं काय केलं? चपला काढल्या. खरंच! देवाचं आहे म्हणून चपला काढून बाजूला ठेवल्या, पेटीला हात लावून तो हात डोळ्यांना लावला, आणि खरवडायला घेतलेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून दिला. "अज्जा, इदु पूजेद अल्लेन्री?" म्हणजे हे पूजेचं ना, असं त्यानं मामंजींना विचारलं. मामंजी उठून आले, चष्मा पुसला, बघितलं. "हं," म्हणाले, "कचऱ्यात टाकू नका. विसर्जन करावं लागेल."

विसर्जन! माझी नोकरी ह्या थराखाली घुसमटत होती, आणि ह्यांना विसर्जनाची पडली होती. मी पदर खोचला, तो स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वतः खरवडायला बसले. निघालेलं सगळं केरसुणीशेजारी नव्हे, वर्तमानपत्रावर नीट गोळा केलं, नाही तर तेही माझ्या माथी आलं असतं. मग मेस्त्रीला म्हटलं, आता पाणी मारा. त्यानं पाइप लावला. लालपिवळं पाणी गॅरेजभर वाहिलं, आणि हळूहळू ती जाळी एकेक रेघ करत दिसायला लागली, चंदेरी, स्वच्छ. मला एकदम भरून आलं. कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

पेटी पुन्हा बसवताना मेस्त्री म्हणाला, "मॅडम सावकाश चालवतात ना, म्हणून साठलं. जोरात चालवली असती तर वाऱ्यानं उडून गेलं असतं."

आणि मामंजींनी मान हलवली! रोज सकाळी स्वतःच्या हातानं त्या तोंडात मूठभर अक्षता टाकणारा माणूस 'बरोबर आहे' अशी मान हलवत होता. मी म्हटलं, "मामंजी, अक्षता मी नाही टाकल्या." तसे ते म्हणाले, "अगं, देवाचं नाव घेतलं म्हणून इतके दिवस निभावलं तरी." ह्यावर काय बोलायचं?

पण त्या दुपारी मी मामंजींना पुढच्या सीटवर बसवलं आणि सरळ घरी न जाता धारवाड ओलांडून अळणावर रोडला गाडी घातली. ऊन असं की रस्ता डोळ्यांना खुपत होता. परत फिरले, चढ आला, मी पाय दाबला. काय सांगू! गाडी पोटातून आवाज काढून अशी सुटली की मामंजींनी वरचा दांडा पकडला. आरशात बघितलं, मागं धूर नाही. लाकडं भरलेला ट्रॅक्टर पुढं होता, बहुतेक दुसराच असेल, पण मी त्याला हॉर्न वाजवून मागं टाकलं. मला इतका आनंद झाला की मी एकटी असते तर ओरडले असते. मामंजी म्हणाले, "ओढतेय बरं का." त्यांनी स्वतः म्हटलं. मी मनात रुजूसुद्धा होऊन आले.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मी शाळेच्या दप्तराची पिशवी भरत होते. बाहेर कट्ट्यावर मामंजी, नवरा आणि एक अनोळखी गृहस्थ बसलेले. हुबळीचे कंत्राटदार म्हणे. ते उठून गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून बघितलं, टायरला बुटानं ठोकलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामंजी त्यांना सांगत होते, "आत्ताच दुरुस्त करून घेतलीय. उन्हात पण पळते. मी स्वतः बसून बघितलंय."

मी ट्रे हातात धरूनच विचारलं, "गाडी कुणाला दाखवताय?"

मामंजी अगदी मायेनं म्हणाले, "सूनबाई, ठणठणीत आहे तेव्हाच दिलेली बरी. पुन्हा बिघडली की कोण घेतो?"

"आणि माझी शाळा?"

"अगं, आहे की तुझी धारवाडची शाळा."

"पण तुम्ही म्हणाला होतात, गाडी ठीक झाली तर जा म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पाहुण्यांपुढं काही भलतंच बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाडीचं काय घेऊन बसलीस? घरातल्या सुनेनं रोज एवढ्या लांब एकटीनं गाडी हाकत जायचं, लोक मला विचारतात. कितीही चांगली ओढली तरी मी तुला पाठवणार नव्हतोच."

पाठवणार नव्हतोच! मला तिथल्या तिथं कळलं. क्लच नव्हता, फिल्टर नव्हता, माझा पाय नव्हता, त्या अक्षतासुद्धा नव्हत्या. मी एप्रिलभर, मेभर उन्हात करपत बिघाड शोधला, आणि तो दूर झाला तर ह्यांची पंचाईत झाली. गाडी ओढत नव्हती तेव्हाच ह्यांचं बरं चाललं होतं. मी ट्रे कट्ट्यावर ठेवला.

त्या कंत्राटदारांना म्हटलं, "चहा घ्या. गाडी विकायची नाही. ती माझ्या नावावर आहे आणि मी सही करणार नाही."

ते भले गृहस्थ गोंधळले. माझं उत्तर मिळालं होतं, तरी त्यांनी नवऱ्याकडं वळून विचारलं, "साहेब्र, नीवेन अंतीरी?" तुम्ही काय म्हणता म्हणे. नवऱ्यानं अप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चहाकडं बघितलं आणि म्हणाला, "बघू."

मी बघायला थांबले नाही. शाळा उघडली त्या सकाळी किल्ली घेतली, कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत पोरांसमोर उभी राहिले. मी तिथून निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्यानं, त्याच गाडीनं गेले-आले. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात, भर दुपारी, तो चढ चढून घरी यायची. कट्ट्यावर मामंजी बसलेले असायचे, शेजारी वकीलसाहेब असायचे, रजा असली तर नवराही असायचा. त्या उन्हाळ्यात ह्यांना माझ्या गाडीच्या काळजीनं झोप नव्हती. त्यानंतर इतक्या वर्षांत एकानं, एकदासुद्धा, मला विचारलं नाही की आज गाडी कशी ओढली.